नागूशेटचा काटा आणि आंबेघोलचा गवा

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं किती ते मला विचारायचं नाही. आमच्या आंबेघोलात नेमकं मोजणारा माणूस एकच होऊन गेला, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

आंबेघोल घाटाच्या पोटात. वर रान, रानात गवे. गावाला एक जहागीरदार होते, त्यांना सगळे सरकार म्हणत. सरकारांकडे विलायतेची दुनळी रायफल होती, गव्याच्या शिकारीची. चाप ओढला की गव्याच्या आधी सरकारच खाली बसत, असं म्हणतात.

बंदुकीबरोबर आलेली काडतुसं संपली. नवी बोटीनं यायची होती, ती बोट अजून येतेच आहे. मग सरकारांनी बाबू शिकलगाराला काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या दिल्या. बाबूनं चिमटीच्या अंदाजानं त्यांत दारू ओतली, वर शिशाच्या गोळ्या ठोकल्या. सरकारांनी दोन बार काढून बघितले. उजव्या नळीची गोळी गेली फणसात आणि डावीची पाटलिणीच्या ताकाच्या डेऱ्यात. त्यानंतर पाटलीण सरकारांना मुजरा करायची, पण पाठमोरी.

मग कुणीतरी म्हणालं, नागूशेट सोनाराला बोलवा. कोण म्हणालं ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही.

नागूशेट म्हणजे वजनाचा भुकेला माणूस. त्याच्याकडं लग्नाची नथ टाकली की ती बारशाला मिळायची. काटा हातात घेतला की समोर कुणीही असो, म्हणायचा, "श्वास धरा." श्वासानं पारडं हलतं म्हणे. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे पांढरे व्हायचे, पण ह्याचं वजन संपायचं नाही. त्याची बायको गोदाक्का लग्नापासून वैतागलेली. तिनं मीठ मागितलं तरी हा विचारायचा, "किती?"

नागूशेटनं तीन दिवस नुसती बंदूक न्याहाळली. चौथ्या दिवशी म्हणाला, "सरकार, ही बैलजोडी हाय. कारागिरानं दोनी नळ्या एकाच वजनावर जुपल्यात. दारूचं वजन चुकलं की एक बैल इकडं वढतो, एक तिकडं."

"मग बरोबर वजन कुठलं?"

"ते बंदूकच सांगंल."

आणि बंदूक सांगू लागली, ती थेट सरकारांच्या खांद्याला. नागूशेट सत्तर गुंजा दारू भरायचा, सरकार बार काढायचे. मग एकाहत्तर. मग बाहत्तर. चार महिने हे चाललं. राणीसाहेब रोज खांद्याला लेप लावायच्या आणि सोनाराच्या सात पिढ्यांची नावं घ्यायच्या. अखेर चौऱ्याऐंशी गुंजांवर दोन्ही गोळ्या निशाणाला टांगलेल्या धडप्यावर शेजारी शेजारी बसल्या. सरकार रडले. आनंदानं रडले असं नागूशेट सांगायचा, बाकीचे खांद्याचं नाव घेतात.

"आता भर बाबा काडतुसं," सरकार म्हणाले.

"कुणासाठी?"

"बंदुकीसाठी, दुसरं कुणासाठी!"

"तसं न्हवं. बिबट्यासाठी का गव्यासाठी?"

"जो समोर येईल त्याच्यासाठी!"

"मग समोर आल्यावर भरतो."

सरकारांनी पगडी काढून जमिनीवर आपटली. पण सोनाराचं खरं होतं. बिबट्याला मऊ शिशाची गोळी पुरते. गव्याच्या हाडावर तीच गोळी भाकरीसारखी थापली जाते आणि गवा नुसता चिडतो. त्याला शिशात कथील घालून कडक केलेली गोळी लागते. शेवटी नागूशेटनं बारा काडतुसं भरली, सहा मऊ आणि सहा कडक. साचा एकच, त्यामुळे दिसायला सगळी सारखी. म्हणून मऊ गोळीच्या काडतुसाला त्यानं हळदीचं बोट लावलं आणि कडकीला कुंकवाचं. शिवाय बाराच्या बारा पितळी नळ्या कानशीनं घासून एका वजनाच्या केल्या.

"हे कशाला?" सरकारांनी दात आवळून विचारलं.

"सारखं असावं," नागूशेट म्हणाला.

मग आली खंडेनवमी. शस्त्रांची पूजा. गोदाक्कानं वाड्यावर जाऊन तलवारीला हळदकुंकू वाहिलं, बंदुकीला वाहिलं आणि भक्तिभावानं बाराच्या बारा काडतुसांनाही वाहिलं. हळदही आणि कुंकूही.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी गोदाक्का घागर घेऊन झऱ्यावर गेली. तिथं जांभळीखाली एक म्हातारा एकलकोंडा गवा उभा. त्यानं आधीच दोन लाकूडतोड्यांना शिंगावर घेतलं होतं. गोदाक्का घागर टाकून जांभळीवर चढली. वयाच्या पन्नाशीत कशी चढली ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. गव्यानं खोडाला शिंग लावलं आणि ढकलू लागला. झाड जुनं, मुळं झऱ्याच्या ओल्या मातीत. मुळं करकरू लागली.

तिची हाक गावात ऐकू आली. सरकार बंदूक घेऊन धावले, मागं नागूशेट, त्याच्या मागं सगळं गाव. सरकारांनी थैली उघडली आणि ते जागीच थिजले.

"नागूशेट, कुंकवाची कुठली?"

"लाल बोटाची."

"सगळ्यांनाच लाल बोट आहे! सगळ्यांनाच पिवळं आहे!"

वरून गोदाक्का ओरडली, "मीच लावलं काल! पूजा नको व्हय करायला?"

"कुठलंही घालतो," सरकार म्हणाले.

"न्हाई," नागूशेट म्हणाला. "मऊ गोळी बसली तर गवा एका धडकंत झाड पाडंल. माझी बायको हाय वर." आणि त्यानं कमरेचा काटा काढला.

"अहो, वजनं काय करत बसलाय!" जांभळीवरून आवाज आला.

नागूशेट मान वर न करता एकेक काडतूस धोतराच्या सोग्यानं पुसत होता. "नळ्या सारख्या," तो पुटपुटला, "दारू सारखी, बुडाच्या ठिणगीच्या टोप्या सारख्या. फरक उरला तो गोळीचा. कथील हलकं, शिसं जड. हलकं निघंल ते गव्याचं." त्यानं काटा शेजारच्या झाडाच्या फांदीला टांगला. पण वारा होता, गाव धापा टाकत होतं आणि पारडी नाचत होती.

"श्वास धरा," नागूशेट म्हणाला.

सरकारांनी धरला. गावानं धरला. असं म्हणतात, वाऱ्यानंही धरला. पानं थांबली, झरा वाहता वाहता थबकला. वर गोदाक्का गप्प बसली, आणि तिच्या माहेरची माणसं ह्या गोष्टीवर आजही विश्वास ठेवत नाहीत. आणि असं म्हणतात की गव्यानंसुद्धा श्वास धरला. शिंग खोडाला तसंच, नाकपुड्या बंद, पाषाणातून घडवल्यासारखा.

पहिली जोडी सारखी निघाली. दुसरीही. तिसऱ्या जोडीत एक पारडं केसभर वर गेलं. नागूशेटनं ते हलकं काडतूस उचललं, त्याच्या तोलाचं आणखी एक शोधलं आणि दोन्ही सरकारांच्या हातावर ठेवली. श्वास धरलेला, म्हणून सरकारांचा हात जन्मात पहिल्यांदा थरथरला नाही. दोन बार झाले, पण गावानं एकच ऐकला. गवा बसला. सरकारही बसले. गव्याच्या अंगावर भोक एकच होतं आणि आत दोन गोळ्या, एकीच्या पाठीला दुसरी चिकटलेली.

सगळ्या गावानं एकदम श्वास सोडला, तेव्हा घाटावरचे ढग हलले, असं म्हणतात.

गोदाक्का खाली उतरली. नवऱ्यापुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एवढा येळ लागतो व्हय?" ती म्हणाली, आणि मग त्याच्या उपरण्यात तोंड खुपसून रडली.

सरकारांनी खूश होऊन हातातलं सोन्याचं कडं काढून नागूशेटला दिलं. काटा तिथंच टांगलेला होता. नागूशेटनं कडं तोललं आणि म्हणाला, "सरकार, ह्यात तीन गुंजांची खोट हाय." सरकारांनी पुन्हा पगडी आपटली.

आता बंदूक सरकारजमा झाली. रान राखीव झालं. गवे आमच्या उसात येऊन जेवतात आणि आम्ही त्यांना हात जोडतो. पण नागूशेटचा काटा देवळात आहे. खंडेनवमीला आम्ही कोयत्याला, ट्रॅक्टरला, फटफटीला, सगळ्यांना हळदकुंकू लावतो. त्या काट्याला मात्र लावत नाही, नुसता पुसतो. दसऱ्याला झऱ्यावरच्या त्याच जांभळीखाली गावजेवण असतं, त्याचं मीठ त्या काट्यावर, चिमूट चिमूट करून तोलतात. पुजारी म्हणतो, "श्वास धरा," आणि सगळं गाव धरतं. गेल्या साली मामलेदार आले होते, त्यांनीही धरला. पोरं लाल होतात, भाकऱ्या करपतात, पाहुणे घड्याळं बघतात, आणि ते पारडं काही केल्या थांबत नाही.

शेवटी ते थांबतं. तेव्हा गावातली सगळ्यांत म्हातारी बाई जांभळीच्या मुळावर उभी राहते, कमरेवर हात ठेवते आणि ओरडते, "एवढा येळ लागतो व्हय?"

मगच आंबेघोल श्वास सोडतं.