बाराव्या पोथीची सही

सोनगिरीच्या उदेभान महाराजांजवळ चिंतोबुवा कवींच्या सगळ्या पोथ्या होत्या, फक्त एक नव्हती. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते, तसे महाराजांचे मन दिवसातून दहादा त्या एका पोथीकडे जाई.

बुवांची रीतच वेगळी. नवे काव्य झाले की स्वतःच्या हाताने त्याच्या अकरा प्रती लिहायच्या, प्रत्येकीखाली सही करायची आणि बोरू मोडून नदीत टाकायचा. बारावी प्रत लिहायची नाही, हा त्यांचा शब्द. नकला मात्र कोणीही हव्या तेवढ्या उतरवून घ्याव्यात. बुवांच्या 'घोरणाख्याना'ची नक्कल सोनगिरीत घरोघरी होती. पण महाराजांना नक्कल नको होती, बुवांच्या सहीची पोथी हवी होती. ती आणून ते काय करणार? रेशमी रुमालात गुंडाळून फडताळात ठेवणार. आधीच्या चौदा पोथ्यांच्या गाठी तरी कुठे सुटल्या होत्या!

त्यात अकरांतली एक प्रत महाराजांचे मेहुणे धारराव यांच्याकडे होती. दर दसऱ्याला पाटावर पोथ्या मांडून पूजा होई, आणि पूजेला आलेले धारराव पाटाकडे बघून अगदी साळसूदपणे विचारत, "दाजी, घोरणाख्यान दिसत नाही ते?"

यंदा महाराज हट्टाला पेटले. त्यांनी तुकोपंतांना बोलावले. तुकोपंत दरबारचे लहिया, म्हणजे पोथ्यांच्या नकला उतरवणारे. चाळीस वर्षे ते पोथीशाळेला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहत होते.

"दसऱ्याच्या आत बुवांनी स्वतः सही केलेलं घोरणाख्यान आणा, नाहीतर खोल्या रिकाम्या करा," महाराज म्हणाले. "आणि हो, बुवांचा शब्द मोडता कामा नये. शब्द मोडणाऱ्याची सही मी पोथीशाळेत ठेवत नसतो."

तुकोपंत घरी आले ते डोक्याला हात लावूनच बसले. आधीच्या अकरांपैकी एकही कोणी हातची सोडणार नाही, नवी प्रत बुवा लिहिणार नाहीत. मागे एकदा त्यांनी नकलेवर सही मागून पाहिली, तर "दुसऱ्याच्या पोराचं बारसं मी कशाला करू?" म्हणून बुवांनी वाटेला लावले होते. या वयात बिऱ्हाड कुठे हलवायचे? म्हातारा अगदी रडकुंडीला आला.

त्यांची लेक येसू हे सगळे ऐकत होती. बापाकडूनच शिकलेले तिचे अक्षर मोत्यासारखे होते. तिने कोरे कागद मागून घेतले आणि घोरणाख्यानाची नक्कल करायला बसली. दोन दिवसांनी तुकोपंतांनी सहज डोकावून पाहिले आणि ते दचकले.

"अगं, हे काय? वाघाच्या जागी कोल्हा?"

"असू द्या, बाबा," येसू म्हणाली आणि लिहीत राहिली.

पोथी पुरी झाली तशी ती चार कोस चालत बुवांच्या गावी गेली. बुवा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. येसूने त्यांच्याजवळ काहीच मागितले नाही. तुमचे काव्य आमच्याकडे फार आवडते, थोडे वाचून दाखवते, एवढेच म्हणाली आणि वाचू लागली. पैलवान घोरतो तो प्रसंग आला. ते घोरणे ऐकून कोल्हा अंगणाबाहेर गेला, असे तिने वाचले मात्र, बुवांचा अडकित्ता थांबला.

"कोल्हा? माझ्या काव्यात वाघ आहे, वाघ! आणि तो सात डोंगर ओलांडून पळतो!"

"असेल बुवा," येसू हळूच म्हणाली. "हे वाचून लोक म्हणतील, बुवांचं वय झालं. आता वाघ झेपत नसेल."

झाले! बुवांनी नवा बोरू मागवला, हरताळ मागवली. चुकलेल्या ओळीवर हरताळेचा पिवळा लेप द्यायचा आणि शेजारी खरी ओळ लिहायची, असा सपाटा त्यांनी लावला. येसूने मुद्दाम केलेल्या सतराच्या सतरा चुका त्यांनी हुडकल्या. हात चालू आहे म्हणून स्वतःच्या दोन नव्या ओव्याही घातल्या.

"पण बुवा, या दुरुस्त्या तुमच्या आहेत हे मी सांगून कोण ऐकणार?" येसूने विचारले. "म्हणतील, पोरीनं मनचंच लिहिलं."

"आण इकडे!" बुवा गरजले. त्यांनी प्रत्येक दुरुस्तीखाली सही ठोकली आणि शेवटी लिहिले, 'यातील चुका माझ्या नव्हेत. दुरुस्त्या माझ्या आहेत. चिंतोबुवा, स्वहस्ते.'

दसऱ्याला ती पोथी पाटावर आली. महाराजांनी ती उघडली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही तर तुझ्या अक्षरातली पोथी! आणि चुका माझ्या नव्हेत, असं बुवा स्वतः लिहून देतात."

"चुका माझ्याच आहेत, महाराज. सह्या त्यांच्या आहेत," येसू म्हणाली. "बुवांनी बारावी प्रत लिहिली नाही, त्यांचा शब्द शाबूत आहे. आणि आपण सहीच मागितली होती. वाचायची आहे असं कुठं म्हणाला होता?"

तुकोपंतांनी डोळेच मिटून घेतले. तेवढ्यात धाररावांनी पोथी ओढून घेतली आणि पाने उलटता उलटता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"अठरा सह्या? माझ्या पोथीवर एकच आहे! आणि या दोन ओव्या माझ्यात नाहीतच. दाजी, बदल्यात माझी पोथी घ्या, पण ही मला द्या."

महाराजांनी पोथी झटकन परत घेऊन छातीशी धरली. "तुमच्या पोथीसारख्या जगात अकरा आहेत, धारराव. ही एकच आहे."

धारराव येसूकडे वळले. "पोरी, मलाही अशी एक करून दे. हवं तर वाघाच्या जागी ससा घाल."

"नाही जमायचं, सरकार," येसू म्हणाली. "पहिल्यांदा बुवा पोथीवर चिडले. दुसऱ्यांदा ते माझ्यावर चिडतील, आणि त्या रागाखाली ते सही करत नाहीत."

महाराज इतके हसले की डोक्यावरची पगडी सावरायला हात लावावा लागला. त्यांनी दोन्ही खोल्या तुकोपंतांना हयातभर लिहून दिल्या, येसूला दरबारची लहिया नेमले आणि पोथीशाळेच्या किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या. मग ते पाटाशेजारीच मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आता वाच बरं. तो वाघ का पळाला, ते मला कळू दे."