उतरलेला पंचम

वाद्ये आपापसांत बोलत असत त्या काळी, एका देवळाच्या नगारखान्यात नवी सनई आली. कबुतरे तिची रोज वाहवा करीत. उत्सवाच्या आदल्या दिवशी तिने थोरल्या सनईला विचारले, "अक्का, उद्याची भूपाळी मीच वाजवणार. कसं वाजतं माझं?"

"दम चांगला आहे, बाळ, पण पंचम उतरतो. अजून काही दिवस माझ्यामागे नुसता सूर धर."

"तुम्हाला माझा हेवा वाटतो!"

"हेवा वाटला असता, तर 'वा' म्हणून तुला उद्या भरल्या देवळात एकटीला वाजवू दिलं असतं."



पहाटे भूपाळी सुरू झाली. थोरलीच्या मागे एक सूर उभा राहिला; किंचित कापरा, पण जागेवरचा. त्याच्या आधारावर थोरलीने कितीतरी वर्षांनी निर्धास्त तान घेतली.