अकरा विहिरींचा पाणाड्या

"अकराच्या अकरा विहिरींना पाणी लागलं, बाबा. आणखी कसला पुरावा पाहिजे तुम्हाला?"

हैबतीचा आवाज जरा चढलाच, आणि का चढू नये? तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला, की तो पाय आपटून म्हणायचा, "इथं खणा." लोक खणायचे, आणि पाणी लागायचं. ऐन तिशीत एवढं नाव पंचक्रोशीतल्या दुसऱ्या कुठल्या पाणाड्यानं कमावलं नव्हतं.

नारळ धरायला त्याला शिकवलं ते सटवाजीबाबांनी. म्हाताऱ्याचा आशीर्वाद घेतला, की उद्या धोंडवाडी गाठायची होती. धोंडवाडी म्हणजे उंच माळावरची तीस घरं. बायाबापड्या दोन कोसांवरून डोक्यावर पाणी आणतात. खाली सगळा कातळ. एक विहीर फोडायची तर वर्ष जाणार, आणि ती कोरडी निघाली तर दुसरी फोडायचं बळ कुणात उरणार नाही. हैबती खुंटी मारेल तिथंच खणायचं, असं वाडीनं ठरवून टाकलं होतं.

बाबा उठले आणि समोरच्या नदीच्या कोरड्या वाळूत उतरले. हैबती मागून गेला.

बाबांनी एक गोटा उचलला, डोळे मिटले आणि तो भिरकावला.

"पडला तिथं उकर."

हैबतीनं कोपरभर वाळू उपसली. खाली पाणी पाझरलं.

बाबांनी दुसरा गोटा फेकला. पाणी. तिसरा. पाणी. चौथा...

"किती झाले रे?"

"चार."

"अकरा झाले म्हणजे माझ्या पाया पडशील?"

हैबतीला हसू आवरेना. "काय थट्टा लावलीय, बाबा? या वाळूत कुठंही झिरा उकरला तरी पाणी लागतं. शेंबडं पोरगंही सांगेल."

"असं...?" बाबांनी वाळूतच बैठक मारली. "बरं, तुझ्या विहिरी कुठल्या कुठल्या गावांत?"

"पिंपळदरा, सांगवडं, कासारघाट..." हैबती ऐटीत बोटं मोजू लागला. "मग खालच्या अंगाला डोहगाव, मग नदीपलीकडचं..."

सहाव्या बोटाशी त्याची जीभ अडखळली. पुढची नावं त्यानं मनातच घेतली.

"आणि नारळ उभा राहिला नाही, तिथं कुणी खणून बघितलं?"

"तिथं कशाला कोण खणेल, बाबा?"



हैबतीच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यानं नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं, खालच्या अंगाला पाहिलं. नजर पोचेल तिथवर वाळू, आणि त्या वाळूखाली, काठावरच्या गावांखाली, त्याच्या अनवाणी पायांखाली पाणी चाललं होतं. तो जन्मला नव्हता तेव्हाही चाललं होतं. एवढं मोठं, एवढं गप्प. आणि आपण मात्र समजत होतो, ते आपण बोलावल्यावर येतं. त्याची त्यालाच लाज वाटली, आणि लाजेहून मोठं असं काहीतरी छातीत दाटून आलं. नकळत त्याचे हात जोडले गेले. ते बाबांना जोडले की पाण्याला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.



"म्हणजे माझ्या हातात विद्या नाहीच?"

"असं मी कुठं म्हटलं? असेलही."

"असेल की नसेल, बाबा?"

"या नदीला काय ठाऊक?"

"उद्या धोंडवाडीची माणसं पहारी घेऊन उभी असतील. अकरा विहिरींच्या भरवशावर... काय सांगू त्यांना?"

बाबांनी हातांची वाळू झटकली.

"सांग, अकराही वेळा मी नदीकाठी उभा होतो."