सातव्या माळेचा मुखवटा

कोणे एके काळची गोष्ट. किती जुनी, ते मला विचारू नका. लहान असाल तर पुढे सरकून बसा, मोठे असाल तर तोंडातली सुपारी थुंकून या. ही गोष्ट सांगताना मला राग येतो, आणि मधे कुणी बोललेलं खपत नाही.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात देवीचं देऊळ होतं, पण गाभाऱ्यात मूर्ती नव्हती. शेंदूर लावलेला नुसता एक तांदळा होता, म्हणजे बिनचेहऱ्याचा गोल दगड. नवरात्रात त्या तांदळ्यावर रोज एक असे नऊ मातीचे मुखवटे चढत. पहिल्या माळेला शैलपुत्री, डोंगराची लेक. दुसरी तप करणारी ब्रह्मचारिणी. मग चंद्रघंटा, मग कूष्मांडा. पाचवी स्कंदमाता, मांडीवर लेकरू घेतलेली. सहावी कात्यायनी. आणि सातवी काळरात्री. काळी कुळकुळीत, केस मोकळे, डोळे वटारलेले, तोंड उघडं, आणि बसायला गाढव. तिच्यानंतर गोरीपान महागौरी, मग सिद्धिदात्री, आणि मग दसरा.

सातवी माळ त्या गावात बायकांची होती. त्या दिवशी काळरात्रीचा मुखवटा गाढवावर बसवायचा, गाढवाचा दोर त्याच्याच गळ्यात टाकायचा आणि त्याला मोकळं सोडायचं. ते जिथे थांबेल तिथे देवीला सात घागरींची आंघोळ. आंघोळ झाली की कुणीही बाई पुढे व्हायची आणि आपलं गाऱ्हाणं मोठ्याने सांगायची. ज्याचं नाव निघेल त्याने नवव्या माळेच्या आत चूक निस्तरायची, मग तो कितीही मोठा असो. आणि दसरा उजाडेपर्यंत ज्याबद्दल कुणी तोंड उघडलं नाही, ते गावाला मान्य आहे असं धरलं जायचं. त्यानंतर कुणाची तक्रार चालत नसे.

गाढव कुंभारांचं, म्हणून त्या दिवसाचा मानही कुंभारांचा. नऊही मुखवटे करायचं काम त्यांच्याच आळीतल्या धुरपाचं. तिच्या सासूने केले, सासूच्या सासूने केले, आता ती करायची. आणि गाढवाचं म्हणाल तर वर्षभर गावाबाहेरच्या काळ्या तळ्यावरून माती वाहून वाहून त्याचे पाय त्याच वाटेला सरावलेले. मोकळं सोडलं की ते सरळ तळ्यावर जाऊन उभं राहायचं. म्हणून बायकांची गाऱ्हाणी पिढ्यान् पिढ्या त्या तळ्याच्या काठी सांगितली गेली.

ते तळं कुंभारांचं. चार कोपऱ्यांना चाकाची खूण कोरलेले चार दगड पुरलेले होते. त्या वर्षी श्रावणात एका सकाळी ते दगड गायब झाले आणि तळ्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण उभं राहिलं. कुंपण घातलं गावच्या मोकाशाने, म्हणजे गावचा वसूल खाणाऱ्या वतनदाराने. त्याला तिथे केळीची बाग करायची होती.

"दगड? कुठले दगड?" असं त्याने विचारलं. वर हसला! आळीतले पुरुष हात जोडून गेले आणि हात जोडूनच परत आले. चाकं थांबली, मडकी भाजायचा आवा थंड पडला. माती नाही तर कुंभाराने काय, हवेची मडकी करायची?

नवरात्र जवळ आलं तशी धुरपा स्वतः मोकाशाच्या दारात गेली.

"मोकाशी, देवीच्या मुखवट्यांना माती लागती."

मोकाशी ओसरीवर पाय पसरून बसला होता. मागच्या अंगणात त्याची बायको दगडावर धुणं धोपटत होती, त्याचा आवाज येत होता. "ने की," तो म्हणाला. "नऊ पाट्या ने. देवीचं काम आहे, मी काय नाही म्हणतो? माझ्या तळ्यातली माती देवीच्या कारणी लागली, मला पुण्यच मिळेल."

माझ्या तळ्यातली! धुरपाच्या कानशिलात आग पेटली. तिच्याच घरातली भाकरी तिलाच भीक म्हणून वाढत होता मेला. पण तिने ओठ दाबले, कारण सातवी माळ यायची होती. सातव्या माळेला गाढव तळ्यावर जाईल, देवीची आंघोळ होईल, आणि मग या माणसाचं नाव ती सगळ्या गावासमोर घेईल, हे तिने मनात धरून ठेवलं होतं.

मोकाशी काही दुधखुळा नव्हता. तिच्या मनातलं त्याला दिसत होतं.

"आणि ऐक," तो म्हणाला, "यंदा सातवा मुखवटा हसरा कर. रंग गोरा दे. सण आहे, देवी प्रसन्न दिसली पाहिजे. आठ दिवस गोड गोड आणि मधेच एक दिवस ती भेसूर बया कशाला? पोरं घाबरतात."

"पोरं कवा घाबरली न्हाईत," धुरपा म्हणाली. "घाबरतं कोण, ते मला ठावं हाय. आन् रागावलेल्या देवीपुढंच गाऱ्हाणं चालतं, ही गावाची रीत हाय."

"तेच म्हणतो ना मी. देवी रागावलेली नसेल तर गाऱ्हाणं कसलं? हसऱ्या देवीपुढे रडगाणं कोण गाईल?" मोकाशी सावकाश पुढे झुकला. "दुसरं म्हणजे, देवीला गाढवावर बसवायची लाज वाटत नाही तुम्हाला? यंदा माझी घोडी देईन. जरीची झूल घालून. आणि मुखवटा काळा निघाला, तोंड वासलेला निघाला, तर तुमच्या आळीतली सगळी गाढवं कोंडवाड्यात जातील. मग माती मिळाली तरी डोक्यावरून वाहा."

मागच्या अंगणातला धोपटण्याचा आवाज थांबला होता. धुरपाने तिकडे पाहिलं. मोकाशीणबाई हातात पिळलेलं लुगडं धरून उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा धोपटायला लागल्या.

धुरपा घरी आली आणि तिने पाटी अंगणात आपटली.

"जाऊ दे," नवरा म्हणाला. "त्याची घोडी कुठं जाणार? त्याच्याच दारात, दाण्याला. तिथं त्याच्या उंबऱ्याफुडं कोण बाई तोंड उघडंल? गप ऱ्हायचं. आपल्याला गावात ऱ्हायचंय."

"गावात ऱ्हायचंय म्हणूनच गप न्हाई ऱ्हायचं!" धुरपा कडाडली. "दसरा उलटला की तळं त्याचं झालं, ते कायमचंच. मग आपली पोरं काय त्याच्या केळीला पाणी पाजणार? माझ्या सासूनं या हातात देवीचं तोंड दिलं, ते मी माझ्या हातानं बंद करू व्हय?"

आता ती काय करते ते नीट ऐका. तिने आठ मुखवटे नेहमीसारखे केले. सातवा करताना दार लावून घेतलं. तळ्याच्या काळ्या मातीचा तिने असा मुखवटा केला, असा केला, की तिचा स्वतःचा सगळा राग तिच्या बोटांतून त्यात उतरला. भुवया चढलेल्या, डोळे बाहेर आलेले, तोंड उघडं. मग गोवऱ्या रचून, धूर कोंडून तो पक्का आणि काळाभोर भाजला. निवल्यावर त्याच्यावर तिने कच्च्या मातीचा थर दिला. उघडं तोंड लिंपलं, डोळे बुजवले, गालांना गोलाई दिली, ओठांवर हसू काढलं, वरून खडूचा पांढरा हात फिरवला. कच्ची माती पाण्यात विरघळते आणि भाजलेली विरघळत नाही, हे कुंभाराच्या पोराला बोलायच्या आधी कळतं. मोकाशाने जन्मात कधी मातीला हात लावला नव्हता.

सातवी माळ उजाडली. मुखवटा पाहून मोकाशाने मिशीवर बोट फिरवलं. "वा! आता कशी लक्ष्मी दिसते," तो म्हणाला. गुरवानेही मान हलवली, तो नेहमीच हलवायचा. गावातल्या बायका मात्र एकमेकींकडे बघत राहिल्या. कुणाच्या पोटात वर्षाचं काय काय साठलेलं होतं, आणि समोर ही गोड हसणारी बाई! दोघीतिघी तर आल्या तशा परत निघाल्या. धुरपाने त्यांच्या वाटेत हात आडवा धरला.

"थांबा. आंघोळीआधी कुणी जायचं न्हाई."

मोकाशाची घोडी आणली. जरीची झूल, कपाळावर गोंडा. मुखवटा तिच्या पाठीवर बसवला, लगाम तिच्या मानेवर टाकला आणि ढोल वाजला. घोडी मोकाशाच्या घराच्या दिशेने चालू लागली. मोकाशी पुढे पुढे चालत होता. दारात रांगोळी घालून ठेवली होती, सात घागरी भरून ठेवल्या होत्या. धुरपा मागून येत होती. तिने देवीचं तोंड राखलं होतं खरं, पण जागा कुठून आणायची?

घोडी दारात आली. रांगोळीवर तिने पाय दिला. दाण्याच्या तोबऱ्याकडे एकदा पाहिलं. आणि पुढे निघाली.

"अरे, अरे! धरा तिला!" मोकाशी ओरडला.

"धरायचं न्हाई!" धुरपा त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडली. "आज तिला हात लावायचा न्हाई. तुम्हीच आणलीय तिला. चालू द्या!"

गडी थबकले. घोडी गल्लीतून वळली, वेशीबाहेर पडली आणि दुडक्या चालीने काळ्या तळ्याकडे निघाली. सगळं गाव तिच्या मागे. मोकाशाच्या तोंडचं पाणी पळालं, कारण आता त्याला आठवलं. गेल्या महिन्यात घोडी व्यायली होती. दसऱ्यापर्यंत ज्याचं जनावर जिथे चरतं, तिथे त्याची वहिवाट आहे असं गाव मानतं. म्हणून पहिल्या माळेलाच त्याने ते शिंगरू आईपासून तोडून तळ्याच्या कुंपणात बांधून ठेवलं होतं. हावरटपणा हो, दुसरं काय!

घोडी कुंपणाला छाती लावून उभी राहिली. काटे टोचून छातीला रक्त आलं तरी हलेना. आतून शिंगरू ओरडलं, बाहेरून ती ओरडली.

"इथंच थांबली," धुरपा म्हणाली. "आता आंघोळ."

घागरी मोकाशाच्या दारात राहिल्या होत्या. बायकांनी त्या डोक्यावर घेऊन आणल्या. गुरवाने मोकाशाकडे पाहिलं, मग जमलेल्या बायकांकडे पाहिलं आणि पहिली घागर ओतली. देवीच्या गालावरून पांढरं पाणी ओघळलं. दुसरीला हसू गेलं. तिसरीला गाल वाहून गेले. सातवी घागर रिकामी झाली तेव्हा घोडीच्या पाठीवर काळरात्री बसलेली होती, काळी, डोळे फाडून बघणारी, तोंड उघडं.

ढोल थांबला.

धुरपाने अंबाडा सोडला, केस मोकळे केले आणि देवीसमोर उभी राहिली. "आई, हे तळं आमचं. हे कुंपण या मोकाशानं घातलं. आमचे चार दगड यानंच उपटले. माझ्या आळीतली चाकं दोन महिने बंद हायत. मी याचं नाव घेते."

"खोटं!" मोकाशी गरजला. "दगड होते याला पुरावा काय? कुणी पाहिलेत? आण एक तरी दगड!"

"मी आणते."

सगळ्यांनी वळून पाहिलं. डोक्यावरून घागर आणलेल्या, पदर भिजलेल्या मोकाशीणबाई पुढे आल्या होत्या. "दोन महिने मी त्यातल्याच एका दगडावर धुणं धुतेय," त्या म्हणाल्या. "चाकाची खूण रोज माझ्या हाताला लागते. चारही दगड आमच्या मागच्या अंगणात आहेत. आई, मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. एक नाव धुरपाने घेतलंय. दुसरं नाव मी माझंच घेते."

मग मात्र बांध फुटला. एकामागून एक बाया पुढे आल्या. कुणाच्या दिराने तिचं शेत दाबलं होतं, कुणाला नवरा उपाशी कोंडत होता, कुणाच्या लेकीला सासरच्यांनी वर्षभर माहेरी धाडलं नव्हतं. सूर्य मावळेपर्यंत नावं निघत राहिली. जे पुरुष सकाळी हसऱ्या देवीला हात जोडून उभे होते, ते आता एकमेकांच्या मागे लपत होते. सोंगाडे कुठले!

नवव्या माळेच्या आत मोकाशाने ते कुंपण उपटलं. गड्यांना हात लावायची परवानगी नव्हती. बाभळीचे काटे त्याच्या तळहातांत शिरले, रक्त आलं, तरी कुणी पुढे झालं नाही. ते चारही दगड त्याने आणि मोकाशीणबाईंनी वाहून आणले आणि होते तिथे पुरले. शिंगराला सगळ्यांत आधी सोडलं, ते धुरपाने. दसऱ्याला कुंभारांची गाढवं मातीच्या पाट्या घेऊन तळ्यावरून परत आली, आणि त्या रात्री आळीतला आवा पेटला.

मोकाशाने नंतर केळी लावली, स्वतःच्या वावरात. पण त्या काट्यांच्या जखमांनी त्याचे तळहात पुढे कधी नीट जुळले नाहीत. देवीपुढे हात जोडायला गेला की ते अर्धे उघडेच राहायचे, आणि सातवी माळ आली की पोरंबाळं त्याच्या हातांकडे बघायची.

आता उठा, आणि जाताना एवढं घेऊन जा: देवीची सोयीची तेवढीच रूपं जो पुजतो, तो देवीला पुजत नाही, स्वतःच्या सोयीला पुजतो.