टिपकीचं पाणी कुठे गेलं?

तळ्याकाठी टिपकी राहायची. टिपकी म्हणजे बेडकी. केवढी? आपल्या अंगठ्याएवढी.

टिपकी आजोळी गेली, भाताच्या खाचरात. चार दिवस म्हणता म्हणता महिनाभर राहिली. परत आली आणि तळ्यात उडी मारली. डुबुक झालंच नाही. फतक झालं!

अगंबाई, पाणी कुठे गेलं? नुसती हिरवी पानं, जांभळी फुलं. ती होती जलपर्णी. दिसायला गोड, पण भारी आगाऊ. एकीच्या शंभर होतात आणि अख्खं तळं झाकून बसतात.

बेडकीचं अंग ओलं लागतं, बरं का. सुकलं की उडी छोटी होते. ऊन तर वर चढत होतं.

टिपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. होडीपाशी नथूमामा जाळं शिवत बसला होता.

"मामा मामा, होडी काढतोस का?
माझं पाणी सापडेना!"

मामा म्हणाला, "जलपर्णी उपसून ठेवू कुठे? काठावर टाकली तर परत पाण्यात शिरते. आधी गाडी येऊ दे."

टिपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. चिंचेखाली रंगादादा गाडीच्या चाकाला वंगण लावत होता.

"दादा दादा, गाडी जुंपतोस का?
मामा होडी काढेना,
माझं पाणी सापडेना!"

दादा म्हणाला, "गाडी रिकामी करू कुठे? आधी खड्डा होऊ दे."

टिपकी निघाली. टुणुक टुणुक. उडी जरा छोटी झाली. मळ्यात येसूमावशी वांगी तोडत होती.

"मावशी मावशी, खड्डा खणतेस का?
दादा गाडी जुंपेना,
मामा होडी काढेना,
माझं पाणी सापडेना!"

मावशी म्हणाली, "शेणाशिवाय पाला कुजत नाही, खत होत नाही. आधी शेण मिळू दे."

टिपकी निघाली. टुण... टुण... उडी अगदीच छोटी झाली. गोठ्यात चांदी म्हैस बसली होती, तोंड पाडून.

"म्हशीबाई म्हशीबाई, शेण देतेस का?
मावशी खड्डा खणेना,
दादा गाडी जुंपेना,
मामा होडी काढेना,
माझं पाणी सापडेना!"

म्हैस म्हणाली, "घसा कोरडा पडलाय माझा. पाण्यावाचून शेण कसलं? आधी पाणी दाखव."

झाली की नाही पंचाईत! पाण्यासाठी शेण हवं आणि शेणासाठी पाणी हवं.

टिपकी तळ्याशी आली. रडली का? थोडीशी. मग तिला प्रश्न पडला. ही जलपर्णी उभी कशावर राहते? तिने दोन पानांमधून डोकं घातलं. वाकून पाहिलं. अजून वाकून पाहिलं.

मुळं नुसती लोंबत होती! चिखलात रुतलेलीच नव्हती. ही बया तर तरंगतेय!

टिपकीने दगडाला पाठ टेकली. दोन्ही पायांनी पान ढकललं. सर्रर्र. पान सरकलं. पुन्हा ढकललं. सर्रर्र. वाटीएवढं पाणी दिसलं. मग परातीएवढं दिसलं. टिपकीने अंग भिजवलं आणि जोरात हाक मारली. डराव! डराव!

म्हैस आली. घटाघट, घटाघट पाणी प्यायली. आणि काय झालं? थप्प!

म्हैस शेण देऊ लागली,
मावशी खड्डा खणू लागली,
दादा गाडी जुंपू लागला,
मामा होडी काढू लागला!

मामा एकटा थोडाच पुरणार? बायका आल्या, मुलं आली, शाळेतले गुरुजीही धोतर खोचून आले. जलपर्णीभोवती दोर टाकला आणि सगळ्यांनी तो धरला. हय्या हो, हय्या! एका दिवसात झालं नाही हं. आठ दिवस लागले. तोवर टिपकी परातीएवढ्या पाण्यात बसून बघत होती.

आठव्या दिवशी तळं मोकळं झालं. इकडे पाणी, तिकडे पाणी, पाण्यात आभाळ. मामाने टिपकीला होडीच्या टोकावर ठेवलं. सगळं गाव काठावर जमलं.

मामा म्हणाला, "जा टिपके, हे तुझं पाणी."

टिपकीने पाय आवळले. मोठ्ठी उडी मारली.

डुबुक!