सगळे गाव सेवेकरी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतक्या जुन्या काळची, की तेव्हा एखादी पोथी नकलून घ्यायची तर घरातली दुभती गाय द्यावी लागे, आणि गाय देऊनही अक्षर वाचता येईलच याची खात्री नसे.

अशा काळी एका खोल नदीच्या काठी एक गाव होते. ती नदी भर उन्हाळ्यातही पायी ओलांडता येत नसे. पैलतीरावर काही वाड्या होत्या आणि दोन्ही तीरांमध्ये ये-जा करणारी एकच नाव होती. हैबती नावाडी ती चालवी. उतारूंकडून काही घ्यायचे नाही, अशी गावाची जुनी रीत. पण रीतीने काही फळ्या बदलत नाहीत. फळ्या, दोर, राळ, सगळ्याला काहीतरी लागतेच. त्यासाठी गावाने एक युक्ती काढली होती.

दर वैशाखात तिथल्या धर्मशाळेत जुन्या पुस्तकांचा बाजार भरे. दोन्ही तीरांवरचे लोक आपली वाचून झालेली पुस्तके दान देत. कोणी गोष्टींची पोथी देई, कोणी औषधांची, कोणी पाकक्रियेची. मागच्या सालचे पंचांग मात्र प्रत्येक जण देई, कारण त्यात दानाचे पुण्यही लागे आणि घरातली अडगळही जाई. बाजाराच्या दिवशी तराजूच्या एका पारड्यात पुस्तक ठेवायचे आणि दुसऱ्यात तेवढीच ज्वारी ओतायची. ज्वारी देईल त्याचे पुस्तक. त्या ज्वारीवर नाव तरंगत होती.

हा बाजार भिवराबाई सांभाळी. तिला सगळे आक्का म्हणत. नवरा लवकर गेला, एकुलती एक लेक सुंदरा, तीही नदीपलीकडे दिलेली. लोक म्हणाले होते, "आक्का, पोर पाण्यापलीकडे देतेस?" ती म्हणाली होती, "नाव आहे की." म्हणून दर वैशाखात ती त्या बाजारासाठी पदर खोचून राबे. गावाची नाव म्हणजे तिला माहेरची वाट वाटे, लेकीच्या माहेरची.

बाजाराच्या आदल्या दिवशी पुस्तके झाडून, पुसून, मांडून ठेवावी लागत. हे काम करणाऱ्यांना सेवेकरी म्हणत. सेवेकऱ्याची खूण म्हणजे खांद्यावरचे फडके. सुरुवातीला सेवेकरी मोजकेच, एका घोंगडीवर मावतील एवढेच असत. धूळ नाकात घालून घ्यायला कोण येणार?

एका वर्षी राही नावाची कोष्ट्यांची सून दिवसभर राबली. संध्याकाळी ती ओव्यांचे एक पुस्तक हातात घेऊन आक्कापुढे उभी राहिली.

"आक्का, उद्या मी तराजूपाशी असणार. माझी पाळी येईस्तोवर हे कोणीतरी घेऊन जाईल. आजच ज्वारी देऊन बाजूला ठेवू का?"

आक्काला तिची दया आली. "ठेव गं. एवढी राबतेस, तुझा पहिला मान."

यात काय वाईट होते? काहीच नव्हते. राहीने वजनाबरहुकूम ज्वारी घातली, पुस्तक पदराखाली घेतले आणि आनंदाने घरी गेली. वाईट गोष्टी बहुधा अशाच येतात, दाराशी पाय पुसून.

पुढच्या वर्षी बाकीचे सेवेकरीही म्हणाले, "राहीला मान, मग आम्ही काय घोडे मारले?" आक्काने त्यांनाही आदल्या दिवशी निवडू दिले. त्याच्या पुढच्या वर्षी गावात सेवाभाव एकाएकी वाढला. कुंभार फडके घेऊन आला, वाणी आला, ज्याने आपल्या घरातला केर कधी पाहिला नव्हता तो पाटलाचा मेहुणाही रेशमी फडके घेऊन आला. एकेका पुस्तकावर तिघे-तिघे फुंकर घालू लागले. गावात फडकी वाढली, धूळ मात्र होती तेवढीच राहिली.

मग वाण्याने एक बारीकसा मुद्दा काढला. "आक्का, आपण फुकट राबतो. मग पुस्तकाची पुरी ज्वारी का भरायची? मूठभर घातली, म्हणजे मान राखला."

आक्काला हे पटले नाही. पण वाणी सकाळपासून उभा होता, घामाघूम झाला होता, आणि माणूस घामाघूम झालेला असला की त्याला नाही म्हणणे जड जाते. ती गप्प राहिली. गप्प राहणे म्हणजे हो, हे गावाला न शिकवताच येत होते.

बाजाराच्या सकाळी पलीकडच्या वाड्यांवरून माणसे डोक्यावर ज्वारीची गाठोडी घेऊन नावेतून उतरत. पूर्वी ती हसत येत आणि हसत जात. आता त्यांच्यापुढे उरलीसुरली पुस्तके असत. पहिले पान नाही, शेवटचे पान नाही, किंवा दोन्ही असून मधले काहीच नाही. बाकी सगळी पंचांगे. एका म्हाताऱ्याने सगळा ढीग चाळला आणि शांतपणे गाठोडे परत डोक्यावर घेतले.

"आक्का," तो म्हणाला, "आम्ही द्यायला येतो तेव्हा पुस्तकं असतात. घ्यायला येतो तेव्हा पंचांगं. सरलेल्या सालचे मुहूर्त घेऊन आम्ही कोणाची लग्नं लावायची?"

आक्का ओशाळली. म्हातारा भांडला असता तर तिला बरे वाटले असते. तो भांडला नाही, नुसता नावेत जाऊन बसला. पुढच्या साली तो आला नाही, आणि त्याच्या वाडीची पुस्तकेही आली नाहीत.

इकडे नावेच्या तळाची फळी कुजत चालली होती. हैबती एका हाताने वल्हे मारी आणि दुसऱ्या हाताने करवंटीने पाणी उपसे.

त्या साली फाल्गुनात निरोप आला, की सुंदराला दिवस गेले आहेत आणि श्रावणात ती मोकळी होईल. पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे. आक्काने खोली सारवली, बाज विणून घेतली, डिंक-खारकांची जमवाजमव केली. पण सुंदराच्या सासूने निरोपाला एक शेपूट जोडले होते. "तुमची नाव गळते. दोन जिवांची सून आम्ही गळक्या नावेत बसवणार नाही. नाव नीट करा, मग खुशाल न्या."

सासूचे काही चुकले नव्हते. आक्का हैबतीकडे गेली.

हैबती म्हणाला, "आक्का, तळाला सागाची फळी हवी. एका बाजाराची ज्वारी आली तर होईल. पूर्वी येत होती तशी, हं. हल्ली येते तशी नव्हे."

"आणि फळी नाही बसली तर?"

"आत्ता उपसत उपसत जातोय. आषाढात पाणी चढलं की मी नाव सोडणार नाही. तुमच्यासाठी नाही आणि राजासाठीही नाही."

आक्का घरी आली आणि तिने ठरवले. यंदा आदल्या दिवशी कोणी काही उचलायचे नाही. सेवेकरी असो की पाटलाचा मेहुणा, सगळ्यांनी दुसऱ्या दिवशी रांगेत उभे राहायचे. पलीकडच्या वाड्यांना तिने मुद्दाम सांगावा धाडला, "एकवार या, यंदा पुस्तकं मिळतील." वाड्यांनी विश्वास ठेवून पुस्तके धाडलीदेखील.

बाजाराचा आदला दिवस उजाडला. सगळे गाव फडकी घेऊन धर्मशाळेच्या अंगणात जमू लागले होते. आक्का लवकर आली होती आणि आत एकटीच ढिगापाशी उभी राहून काय बोलायचे ते मनात जुळवत होती. जुळवता जुळवता तिची नजर एका पोथीवर पडली. बाळंतिणीच्या औषधांची पोथी. काढे, लेप, धुरी, बाळाच्या गुट्या, सारे काही सुवाच्य अक्षरात. अशी पोथी ती कितीतरी वर्षे शोधत होती.

तिने इकडेतिकडे पाहिले. उद्यापर्यंत ही राहील का? नाही राहणार. आपण काय हौसेसाठी घेतोय का? लेकीसाठी घेतोय. एवढे एकच. ज्वारीही पुरी घालू, मुठीने नाही. तिने पोथी उचलून पदराखाली धरली.

वाण्याने ते पाहिले. तो नुसता हसला, अगदी आपुलकीने.

मग आक्का बोलायला उभी राहिली. सगळे गाव तिच्याकडे बघत होते. पोथी काखेत टोचत होती. "यंदा..." ती म्हणाली आणि थांबली. आता हे सांगायचे तर आधी काखेतली पोथी बाहेर काढायला हवी होती. तिला लाज वाटली, आणि लाजेहून भीती मोठी वाटली, की पोथी हातची जाईल. "यंदा धूळ फार आहे," ती म्हणाली, "नीट पुसा."

लोकांनी नीट पुसले. संध्याकाळी प्रत्येक फडक्याखाली एक गाठोडे होते.

दुसऱ्या सकाळी धर्मशाळेचे दार उघडले. आत सगळे गाव खांद्यावर फडके टाकून सेवेला सज्ज उभे होते. बाहेर कोणीच नव्हते. गावातला जो तो आत होता, मग बाहेर कोण असणार? थोड्या वेळाने पलीकडची माणसे आली. विश्वास ठेवून आली होती ती. त्यांनी पंचांगांचा ढीग पाहिला, आक्काकडे पाहिले आणि आल्या पावली परत गेली. तराजूची पारडी दिवसभर वाऱ्याने हलत राहिली.

फळी आली नाही. आईने लेकीच्या सासरी जाऊन राहायची तर रीत नव्हती. ज्येष्ठ सरला, आषाढात नदी चढली, आणि एका दिवशी नाव दाव्याला बांधलेली असतानाच बुडाली. हैबतीने दावे कापून टाकले. ओढायला आता खाली काही उरले नव्हते.

आक्का रोज काठावर जाऊन बसे. पोथी तिला तोंडपाठ झाली होती. कोणत्या दिवशी कोणता काढा, हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण काढा नदीवरून चालत जात नाही. श्रावणात एका सकाळी पैलतीरावर थाळी वाजली. थाळी वाजली म्हणजे बाळंतीण सुखरूप, एवढे तिला कळले. पण त्या मुलखात मुलगा झाला तरी थाळी वाजे आणि मुलगी झाली तरी थाळीच वाजे. नातू की नात, हे विचारायला आक्काने जिवाच्या आकांताने हाक मारली. नदीच्या घोंगाटात ती हाक मधेच कुठेतरी विरली.

गावाला तेव्हा लाज वाटली. राहीने सुगीनंतर दारोदार फिरून ज्वारी गोळा केली, वाण्यानेही पोते दिले, आणि नवी नाव चैत्रात पाण्यात उतरली. पहिल्या खेपेला हैबतीने आक्काला एकटीलाच नेले.

सुंदरा ओसरीत उभी होती. आईला बघून तिचा बांध फुटला. आक्काने डोळे पुसले आणि आत पाहिले, तर जरीचे टोपडे घातलेली नात भिंतीला धरून उभी होती. आक्काने दोन्ही हात पसरले. पोरीने तिला नीट न्याहाळले, ओठ काढले आणि वळून दुसऱ्या आजीच्या पदरात तोंड लपवले.

"रागावू नकोस, आई," सुंदरा म्हणाली, "तिनं तुला कधी पाहिलंच नाही ना."

आक्का म्हणाली, "तिचं काय चुकलं, बाई. मी माझं आधी उचललं, म्हणून तिच्याकडे यायला मला इतका उशीर झाला."

ती हात तसेच पसरून किती तरी वेळ बसली होती. पोर काही आली नाही.

त्या वैशाखापासून गावात नवी रीत पडली. पलीकडची माणसे आधी निवडत, मग गावातली, आणि सगळी गेली की सेवेकरी. सेवेकऱ्यांना बहुतेक वेळा पंचांगच मिळे. सेवेकऱ्यांची संख्या पुन्हा एका घोंगडीवर मावेल इतकी झाली, आणि नाव गळायची थांबली.

तात्पर्य : पंगतीत वाढायला जो उभा राहतो, त्याने आपले पान सर्वांच्या शेवटी मांडावे.