कारळ्याची चटणी

व्हिएन्नाहून सुटलेल्या गाडीत सरूबाईंनी जेवणाचा डबा उघडला. दशम्या आणि चटणी लेकासाठी आणली होती. आता त्याच्याच अस्थी मांडीवर होत्या.

समोरचे सुटाबुटातले निगुडकर तीस वर्षं इकडेच मुरलेले. ते खेकसले, "आजी, कारळ्याची चटणी गाडीत खातात का? इथल्या लोकांना वास सहन होत नाही. बंद करा, नाहीतर तक्रार करीन."

सरूबाईंनी आजूबाजूला पाहिलं. एकही गोरा पुस्तकातून डोकं वर काढत नव्हता.

"लोकांना काही झालेलं नाही, साहेब. झाकण निघताच नावासकट ओळखलीत ती तुम्ही. सहन तुम्हाला होत नाहीये. अशी चटणी करणारी तुमची आई गेली, तेव्हा घरी गेला होतात का?"

निगुडकर खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर नुसता बोगदा होता.